दान आलंय, भाडं भरा

अक्षरामागे लाख मोजणारा राजा आपल्या गावात होऊन गेला, याचा धारच्या माणसाला अजून अभिमान आहे. चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरून दोघांत घासाघीस सुरू झाली की तिसरा कोणीतरी भोजराजाचे नाव काढतोच. मात्र त्या लाखाचा हिशेब कोणी नीट करून पाहिलेला नाही. अनुष्टुभात बत्तीस अक्षरे, म्हणजे बत्तीस लाख. शार्दूलविक्रीडितात शहात्तर. स्रग्धरेत चौऱ्याऐंशी. पदरी चार मुली असलेला कवी अनुष्टुभाच्या वाटेला कशाला जाईल? संस्कृतात मोठ्या वृत्तांची भरभराट कशी झाली, याचे एक कारण धारच्या खजिन्यात सापडू शकेल.

या साऱ्या कथा बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’तल्या. भोज अकराव्या शतकातला आणि बल्लाळ सोळाव्या. त्याने कालिदास, भवभूती, माघ या सगळ्यांना बिनदिक्कत एकाच दरबारात आणून बसवले आहे. पाचशे वर्षांत देणगीचा आकडा थोडा फुगतो, हे कोणत्याही संस्थेचा वार्षिक अहवाल वाचणाऱ्याला सांगायला नको.

या कथांमधला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे भोजाचा प्रधान. राजा असाच उधळत राहिला तर तिजोरीत झाडूच मारावा लागेल, हे त्याला दिसत होते. तोंडावर बोलायची सोय नाही. म्हणून त्याने राजाच्या नजरेस पडेल अशा भिंतीवर लिहून ठेवले की संकटकाळासाठी धन राखावे. राजाने खाली लिहिले, भाग्यवंताला कसले संकट? प्रधानाने त्याखाली लिहिले, दैव एखाद्या दिवशी रुसते. राजाने उत्तर दिले, दैव रुसले तर साठवलेलेही जाते. पुढे प्रधानाने लिहिणे बंद केले. भिंत संपली असावी.

मराठी प्रकाशकाच्या कचेरीत हाच संवाद रोज चालतो. फरक एवढाच, की तिथे राजा आणि प्रधान एकच माणूस असतो. सकाळी भाषणात तो वाङ्मयसेवक असतो आणि दुपारी बाइंडरचे बिल आले की व्यापारी होतो. त्यातून त्याच्याकडे मागणाऱ्यांची रांग. लेखकाला ठरल्यापेक्षा दहा प्रती जास्त हव्यात, कारण साडूचे राहिले. परीक्षकाला अभिप्रायार्थ दोन प्रती हव्यात, एक वाचायला आणि एक न वाचायला. शाळेला बक्षीस समारंभासाठी हव्यात, संमेलनाला मानार्थ हव्यात. मिठाईवाल्याकडे जाऊन ‘आपण समाजाचे तोंड गोड करता, तेव्हा पाच किलो पेढे पाठवावेत’ असे पत्र देण्याचा धीर कोणाला होत नाही. पुस्तकवाल्याला तसले पत्र आठवड्याला येते, आणि वर ‘कळावे, लोभ असावा’ असते.

शिवाय सरकारचे दान आहेच. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्लीचे सार्वजनिक वाचनालय अशा चार ठिकाणी प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पोचवावी लागते. न पाठवणाऱ्याला दंड आहे: पन्नास रुपयांपर्यंत, आणि वर पुस्तकाची किंमत. सत्तर वर्षांत पुस्तकाची किंमत वाढली, टपाल वाढले, पण पन्नास रुपये जागचे हलले नाहीत. कायदा पाळण्यापेक्षा मोडणे परवडावे, अशी सोय फार थोड्या धंद्यांत आहे. तरीही पुष्कळ प्रकाशक इमानाने चारही प्रती पाठवतात. माझ्या मते या देशातले सर्वांत निरपेक्ष दान हेच. कारण त्याचा फोटो निघत नाही.

ज्याचा फोटो निघतो, ते दान आमच्याकडे देवासला येते.

देवास हे दुहेरी गाव आहे. संस्थानी काळात इथे एकाच गावात दोन राज्ये होती, पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार. टेकडीवर देवीसुद्धा दोन, मोठी माता आणि छोटी माता. त्या काळच्या एखाद्या पुण्याच्या ग्रंथकाराने आश्रयासाठी देवासची वाट धरली असेल, तर त्याला दोन भेट प्रती आणि दोन अर्पणपत्रिका बरोबर आणाव्या लागल्या असणार, आणि कोणाला आधी दिली हे दुसऱ्याला कळू न देण्याचे कसबही.

१९४८ साली दोन्ही पात्या आणि धार मध्य भारतात विलीन झाल्या, पुढे १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. राजे गेले, पण राजांबरोबर मालव्यात आलेली मराठी घरे राहिली. पोह्यांवर शेव, बोलण्यात निम्मी हिंदी आणि घरात ज्ञानेश्वरी, असा आमचा संसार. मराठी पुस्तक इथे दुकानात मिळत नाही. महाराष्ट्रातल्या वाचनालयांना १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान मिळते. आमच्या मंडळाचे वाचनालय त्या कायद्याच्या हद्दीबाहेर, म्हणजे कोणत्याच वर्गात नाही. मग उरते वर्गणी, आणि पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांना लिहायचे ते पत्र. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचा मसुदा पाठ झालेला आहे: ‘महाराष्ट्रापासून दूर, मायमराठीचा दिवा तेवत ठेवणाऱ्या आम्हांस आपल्यासारख्या दानशूर प्रकाशकाने…’ हा दिवा तेवत ठेवायला तेल किती लागेल हे पत्रात कुठेच नसते. कोणते पुस्तक हवे, हेही नसते. घोळ तिथूनच सुरू होतो.

तर असेच एकदा एका प्रकाशकाचे उत्तर आले. पत्र इतके सुरेख की अध्यक्षांनी ते सभेत उभे राहून वाचले. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांचे ऋण, सांस्कृतिक सेतू, पन्नास हजार रुपयांची ग्रंथसंपदा. टाळ्या झाल्या. चार दिवसांनी इंदूरच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला, की माल आलाय, घेऊन जा. बिल्टीवर ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘टू-पे’.

व्यापारी नसलेल्यांसाठी सांगतो: टू-पे म्हणजे भाडे घेणाऱ्याने भरायचे. आमचे कोशाध्यक्ष कापडाच्या दुकानात आयुष्य घालवलेले. त्यांनी बिल्टी चष्म्याजवळ नेली, लांब धरली, उलटी करून पाहिली आणि म्हणाले, “अध्यक्षसाहेब, भोजराजाने लाख दिले ते बैलगाडीच्या भाड्यासकट का वेगळे?” पुण्याहून इंदूरचे भाडे, हमाली, इंदूरहून देवासचा टेम्पो, पुन्हा हमाली. तेवढ्या पैशांत चार चांगल्या कादंबऱ्या आल्या असत्या. अध्यक्ष म्हणाले, दात मोजू नयेत. कोशाध्यक्ष म्हणाले, “गाय असेल तर नाही मोजत. आधी काय आहे ते तर बघू.”

खोकी उघडली. पहिल्यात एकाच कवितासंग्रहाच्या चाळीस प्रती. आमचे नोंदलेले सभासद साठ, त्यांतले कविता वाचणारे तीन, आणि त्या तिघांचे एकमेकांशी पटत नाही. दुसऱ्यात ‘कोकणातील भातशेती: तंत्र आणि व्यवस्थापन’. मालव्यात सोयाबीन आणि गहू पिकतो; भात आम्ही विकत आणून खातो. मग महाराष्ट्र बोर्डाची बदललेल्या अभ्यासक्रमाची दहावीची मार्गदर्शके. सरलेल्या वर्षांची राशिभविष्ये, ही मात्र हातोहात खपली. भविष्य खरे ठरले का, हे पडताळून पाहण्याची संधी माणसाला एरवी मिळत नाही. आणि तळाशी एका ऐतिहासिक कादंबरीचा भाग दुसरा. नऊ प्रती. भाग पहिला एकही नाही.

ग्रंथपालकाकूंनी सगळी खोकी पुन्हा पुन्हा चाळली. त्यांची एक खोड आहे, अर्धवट पुस्तक त्यांना बघवत नाही. मी त्यांना समजावले, की काकू, अर्धे मिळाले हेच नशीब. १९०३ साली धारमध्ये एक शिळा सापडली. त्यावर राजगुरू मदनाने तेराव्या शतकात लिहिलेले ‘पारिजातमंजरी’ नावाचे संस्कृत नाटक कोरलेले आहे. नाटक चार अंकी, पण शिळेवर पहिले दोनच अंक. पुढच्या दोन अंकांची शिळा आजवर मिळालेली नाही. म्हणजे पुस्तक दगडावर छापले, पिशवीत घालून नेता येणार नाही असे केले, तरी दुसरा भाग जायचा तो गेलाच. काकू म्हणाल्या, “मग त्यांच्याशी अदलाबदल करता येईल का बघा. त्यांच्याकडे पहिला, आपल्याकडे दुसरा.”

आता त्या पन्नास हजारांकडे वळू. कारण दानधर्मातली खरी कला या आकड्यात आहे. गोदामात पडलेल्या पुस्तकाला एकाच वेळी तीन किमती असतात. रद्दीवाल्याशी बोलताना किलोचा भाव. हिशेबाच्या वहीत छपाई, कागद, बांधणी मिळून पडलेला खर्च. आणि देणगीच्या पत्रात मलपृष्ठावर छापलेली पूर्ण किंमत, जी रोख मोजून ते पुस्तक आजवर कोणी घेतलेले नसते. तोच गठ्ठा पुण्याहून निघताना रद्दी असतो, बिल्टीवर ‘छापील साहित्य’ होतो आणि देवासच्या व्यासपीठावर पोचेपर्यंत ग्रंथसंपदा झालेला असतो. प्रवासाने माणूस समृद्ध होतो म्हणतात, पुस्तकही होते.

प्रकाशकाला निदान कर तरी वाचत असेल, अशी आमच्या कोशाध्यक्षांची शंका होती. तसेही नाही. आयकरात सवलत मिळते ती पैशाच्या देणगीला, वस्तूच्या नव्हे. आणि रोख द्याल तर दोन हजारांच्या वर तीही नाही. कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यावेत, असा २०१३ च्या कायद्याचा नियम आहे आणि त्याच्या यादीत सार्वजनिक वाचनालय स्पष्ट लिहिलेले आहे. पण तो लागू व्हायला पाच कोटींचा निव्वळ नफा, हजार कोटींची उलाढाल किंवा पाचशे कोटींचे नक्त मूल्य लागते. मराठी प्रकाशकाला हे वाचून दाखवले तर तो आधी हसेल, मग दार लावून रडेल. धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला मोठमोठे कारखाने आहेत, देवासलाही आहेत. त्यांना नियम लागतो. पण दोन टक्क्यांना बाके आवडतात, पाण्याची टाकी आवडते. टाकीवर देणाऱ्याचे नाव चारही बाजूंनी रंगवता येते. पुस्तकाच्या कण्यावर लेखकाचेच नाव मावत नाही, तिथे कंपनीचे कुठून मावणार?

म्हणजे प्रकाशकाला करात काही सुटत नाही आणि वाचकाला वाचण्याजोगे मिळत नाही. मिळते ती फक्त जागा, प्रकाशकाच्या गोदामात. तेवढीच आमच्या कपाटात कमी होते. हा व्यवहार मला विलक्षण वाटतो: पुण्यातली अडगळ देवासला आली, प्रवासखर्च आम्ही केला, आणि आभाराचे पत्रही आम्हीच धाडले.

छपाईची आणि देवासची ओळख मात्र जुनी आहे बरे. इथे १९७० च्या दशकापासून भारत सरकारचा बँक नोट प्रेस आहे. मराठी प्रकाशकाने एकदा येऊन त्याची भिंत तरी बघून जावी. आवृत्ती काढतात ती लाखालाखांची, आणि एक प्रत गोदामात पडून राहत नाही. प्रस्तावना नाही, मानधन नाही, प्रकाशन समारंभ नाही. अभिप्रायार्थ दोन प्रती मागण्याची कोणाची छाती नाही. पुनर्मुद्रणाला तर वाचक कायम तयार.

आमच्या गावात न मागता आलेल्या वस्तूंचाही इतिहास आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली काही महिने थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. त्या दिवसांवरचे त्यांचे पुस्तक १९५३ साली निघाले. त्यात वाड्यातल्या नव्याकोऱ्या पण वाजेनाशा पियानोंचे वर्णन आहे. मालव्याच्या कोरड्या हवेने त्यांची लाकडे तडकली होती. कोणाला वाजवायचे नव्हते, तरी आणून ठेवले होते. त्याच कोरड्या हवेसाठी १९४८ साली क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व देवासला आले आणि इथलेच झाले. हवा तीच, पियानो गेला आणि गवय्या उभा राहिला. त्यांचे ‘अनूपरागविलास’ हे बंदिशींचे पुस्तक १९६५ साली मुंबईच्या मौज प्रकाशनाने काढले. हे पुस्तक आजवर एकाही खोक्यातून दान म्हणून आलेले नाही. वाचनालयाच्या प्रतीवर इतके जण डोळा ठेवून असतात की काकू ती कुलपात ठेवतात आणि किल्ली कमरेला.

दान घेणेच नको, असे म्हणणारा प्रकाशकही या देशात आहे. गोरखपूरची गीता प्रेस १९२३ पासून पोथ्या छापते, अगदी अल्प किमतीत विकते आणि देणग्या घेत नाही म्हणून सांगते. २०२१ सालचा गांधी शांतता पुरस्कार त्यांना २०२३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्यांनी मान घेतला आणि एक कोटी रुपये नाकारले. आमच्या कोशाध्यक्षांनी ही बातमी वाचली त्या दिवशी त्यांचे जेवणात लक्ष नव्हते. पण त्यातला मुद्दा त्यांनी बरोबर हेरला. ते म्हणाले, “फोकट देत नाहीत, स्वस्त देतात. म्हणून माणूस घरी नेऊन ठेवतो आणि वाचतोही.”

बडोद्याला सयाजीराव महाराजांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथालयतज्ज्ञ आणला, गावोगाव वाचनालये काढली, लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरवली. अक्षरामागे लाख त्यांनाही देता आले असते. पण त्यांनी गावाला अट घातली: आधी तुम्ही वर्गणी जमवा, जितकी जमेल तितकेच प्रांत पंचायत घालेल आणि तितकेच सरकार. एक तृतीयांश स्वतःच्या खिशातून गेले की गाव आपोआप विचारू लागते, की पुस्तके कोणती घेताय? राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ साली निघाले, त्याच्याही पुष्कळशा मदतीत राज्याला आपला वाटा घालावा लागतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतल्या पेट्या एका जागी बसून राहत नाहीत. वाचून झाले की पेटी बदलायची. वाचणारा हजर असेल तरच पेटी हलते.

आम्ही बडोद्याचा कित्ता गिरवायचे ठरवले. काकूंनी देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवली आणि वर दोरीने पेन बांधले. कोणाला काय वाचायचे आहे ते लिहा. पहिल्या पानावर कोणीतरी ‘पंख्याला तेल घाला’ असे लिहिले; तीही मागणी रास्त होती. मग हळूहळू नावे येऊ लागली. चौदा पुस्तकांची यादी झाली. कोशाध्यक्षांनी घसा खाकरून मान्य केले की निम्मी किंमत मंडळ देईल. टपालाचा प्रश्न होता, कारण स्वस्त बुक पोस्ट २०२४ च्या डिसेंबरात एकाएकी बंद झाले होते. पण २०२५ च्या मे महिन्यात टपाल खात्याने ज्ञान पोस्ट सुरू केले: तीनशे ग्रॅमला वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, कर वेगळा. म्हणजे ट्रान्सपोर्टही नको, टेम्पोही नको. यादी, पत्र आणि निम्मे पैसे त्याच प्रकाशकाकडे रवाना झाले. निम्मे दान तुम्ही करा, निम्मे आम्ही करतो, असा मजकूर.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन. आवाज घाबरलेला. “ताई, तुमच्याकडून आमच्या खात्यात पैसे आलेत. काही गडबड झाली का?”

काकू म्हणाल्या, गडबड नाही, पुस्तके घेतोय. पलीकडे बराच वेळ शांतता. मग प्रकाशकांनी विचारले, की यादी कोणी केली? वाचकांनी, असे कळल्यावर त्यांचा आवाज भरून आला. मराठी वाचक पैसे देऊन पुस्तक मागतो आहे, तोही देवासहून! ते म्हणाले, चौदाच्या चौदा उद्याच निघतील, टपाल आमच्याकडे. आणि एवढ्यावर भागायचे नाही. आमच्यातर्फे खास भेट म्हणून अजून दोन खोकी पाठवतो.

“खोकी नकोत, भाऊ,” काकू म्हणाल्या. “द्यायचंच असेल तर त्या कादंबरीचा पहिला भाग द्या. दुसऱ्याच्या नऊ प्रती पडल्यात माझ्याकडे.”

“पहिला भाग?” प्रकाशक मोकळेपणाने हसले. “अहो ताई, तो केव्हाच संपला, दोन आवृत्त्या गेल्या. लोकांनी पहिला वाचला, म्हणून तर दुसरा तुम्हाला दान देता आला!”